पंचवीस आणि वीस पांच

श्रीरामपूर गांवाचें रेल्वेस्टेशन दौंड-मनमाड मार्गावर आहे. परंतु त्याच्या पाटीनें दीर्घकाळ 'बेलापूर' हेंच नांव मिरविलें. नवख्या उतारूची त्यायोगें तारांबळ होई. गांवकऱ्यांस कधीं अडचण वाटत नसे. एका वस्तूस दोन नांवें असलीं तर घोटाळा कोणाचा होतो, हा प्रश्न एरवीं क्षुल्लक वाटेल. २०१९ सालीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकानें तोच प्रश्न संख्यांच्या बाबतींत उपस्थित केला, आणि मग मात्र तो क्षुल्लक राहिला नाहीं.

पुस्तकानें केलें तें इतकेंच. 'पंचवीस' या रूढ उच्चाराच्या जोडीस 'वीस पांच', 'बासष्ट'च्या जोडीस 'साठ दोन' असे उच्चार दिले. जुन्या शब्दांस हद्दपार केलें, असा जो बोभाटा झाला तो वस्तुस्थितीस धरून नव्हता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (त्या २०२३ सालीं निवर्तल्या) यांचें म्हणणें असें कीं, मूल 'पंचवीस' ऐकतें तेव्हां त्याच्या कानीं पांच आधीं पडतो व वीस मागाहून. लिहितांना मात्र दोनाचा अंक आधीं लिहावा लागतो, आणि मूल ५२ लिहून मोकळें होतें. शिवाय या शब्दांतील जोडाक्षरें लहानांस जड जातात. यावर वर्तमानपत्रांतून व विधानसभेंत जें उत्तर मिळालें तें बहुतांशीं कोट्यांचें होतें. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनांवांतील 'वीस' देखील त्यांतून सुटला नाहीं. कोटी ऐकावयास गोड असते, पण ती टीका नव्हे.

येथें तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत: संख्या, तिचें लेखन आणि तिचें नांव. पंचवीस ही पांचाचा वर्ग आहे, विषम आहे. तिला कोण काय म्हणतो याची तिला पर्वा नाहीं. कांहीं गुण मात्र लेखनावर अवलंबून असतात. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचा ६१७४ हा आंकडा आतां जगभर माहीत आहे. सर्व अंक सारखे नाहींत अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी. हीच क्रिया पुढें चालविली असतां फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेंच थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुनः ६१७४. हें कौतुक दशमान मांडणीचें आहे. दहाचा पाया सोडला कीं तें त्या संख्येपाशीं राहत नाहीं. तरीहि तिला 'सहा हजार एकशें चौऱ्याहत्तर' म्हटलें काय किंवा 'सत्तर चार' म्हटलें काय, कापरेकरांच्या क्रियेंत तिळमात्र फरक पडत नाहीं. समितीनें हात घातला तो केवळ नांवास. गणित बुडालें, ही ओरड म्हणून व्यर्थ होती.

आतां नांवांकडे वळूं. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव: यांत 'दोन' कोठेंहि ऐकूं येत नाहीं, 'बा', 'ब', 'बे', 'ब्या' अशीं त्याचीं चार सोंगें आहेत. दशकांचीहि तीच गत. पन्नासाचें 'बावन्न'मध्यें 'वन्न' होतें, 'त्रेपन्न'मध्यें 'पन्न'. सत्तराचें 'हत्तर' होतें. इंग्रजींत पहिले वीस शब्द व पुढचीं सात दशकें आलीं म्हणजे नव्याण्णवपर्यंत मजल मारतां येते. मराठी मुलास जवळजवळ प्रत्येक संख्येचा शब्द निराळा पाठ करावा लागतो. समितीचा हा मुद्दा आम्हांस बिनतोड वाटतो. जोडाक्षरांचा मुद्दा मात्र लंगडा आहे. जें मूल 'रस्ता', 'दप्तर' सहज म्हणतें, तें 'त्रेपन्न'लाच अडखळेल असें मानण्याचें कारण नाहीं.

जुन्या शब्दांच्या पदरीं पुण्यहि आहे. एकोणपन्नास म्हणजे एकानें ऊन पन्नास. ४९ ला सहानें गुणावयाचें झाल्यास, ज्याच्या कानांत हा अर्थ जागा आहे तो पन्नास सक तीनशें, त्यांतून सहा वजा, दोनशें चौऱ्याण्णव, असें चटकन सांगेल. 'चाळीस नऊ' या नांवांत ती वाट दिसत नाहीं. (गंमत अशी कीं शंभराच्या उंबरठ्यावर ही रीत मोडते, 'एकोणशंभर' कोणी म्हणत नाहीं.) उलट पंचवीस आणि बेचाळीस यांची तोंडी बेरीज पाहा: वीस नि चाळीस साठ, पांच नि दोन सात, साठ सात. येथें नवें नांव हेंच उत्तर, आणि 'सदुसष्ट' हें त्या उत्तराचें आणखी एक भाषांतर. पण 'बारा सक बाहत्तर' हा ठेका 'बारा सक सत्तर दोन'ला कोठून येणार?

नॉर्वेनें १९५१ सालीं सरकारी निर्णयानें असाच क्रम फिरविला. टेलिफोनचे आंकडे सांगतांना होणारे घोटाळे हें त्याचें एक कारण होतें. तरी जुना उच्चार तेथें आजहि बोलण्यांत ऐकूं येतो. जिभेवरचे शब्द ठरावानें जात नाहींत. त्यामुळें मराठी बुडेल ही भीति बाळगण्याचें प्रयोजन नव्हतें.

या वादांत आवाज उठला तो मुख्यतः आपल्यासारख्या घरांतून, जेथें संध्याकाळीं आजीजवळ बसून परवचा म्हणण्याची चाल होती व चुकलेलें मूल तेथल्या तेथें सुधारलें जाई. नगर जिल्ह्यांतील ऊसतोडीच्या फडावर आईबापांबरोबर हिंडणाऱ्या मुलास ती आजी नाहीं आणि शाळेचे दिवसहि तुटपुंजे. त्याच्या पाटीवर पंचवीसचे बावन्न झाले तर तें दुरुस्त करण्यास 'वीस पांच' ही सोपी किल्ली आहे. ती हिरावून घेण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं. मात्र किल्ली देऊन शिक्षकानें थांबूं नये. श्रीरामपूरच्या बाजारांत कांदेवाला 'पासष्ट' असेंच म्हणणार. तेव्हां त्या मुलास दहाच्या सहा नोटा व पांचाचें एक नाणें न गोंधळतां पुढें करतां आलें पाहिजे.