रानातली शाई आणि ठशाची शिस्त

रानातून वेचलेली फुले, साली आणि फळे उकळून त्यांच्या शाईने मुद्राचित्रे छापण्याचे प्रयोग आपल्याकडील काही कलावंत करीत असतात. हौस स्तुत्य आहे. परंतु शाई रानातली आहे एवढ्यावरच रसिक संतुष्ट होतात, हे आम्हांस खटकते. शाईचे कुळ पाहून चित्राची योग्यता ठरत नाही.

एका ठशातून उठणारी पहिली आणि विसावी प्रत सारखी असावी, अशी मुद्राचित्राकडून सामान्यतः अपेक्षा असते. रानातल्या शाईला हे बंधन सहजासहजी मानवत नाही. पळसफुलांचा पिवळा रंग उन्हाने विटतो. हळदीचाही तोच स्वभाव. हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगाने गंभीर काळा साधतो, पण तोच पुढे कागद खातो. अशा शाईचे जुने कागद अक्षरांच्याच जागी कसे झिजतात, हे दप्तरे सांभाळणाऱ्या आम्हां कारकुनांना सांगावयास नको. कलावंत मात्र ह्या लहरीपणाला निसर्गाचा सहभाग म्हणून मोकळा होतो.

ह्याच साहित्याशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्या मध्य प्रदेशातील बाघ गावच्या खत्री छपाईकारांकडे पाहावे. धार जिल्ह्यातील हे गाव एकेकाळी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. तेथे कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यातून काढतात. लोखंडाचा गंज गुळाबरोबर आंबवून, त्यात चिंचोक्याची खळ मिसळून काळा रंग सिद्ध करतात. तांबड्यासाठी छापतात ती तुरटी. छापताना ती फिकट असते. अलिझरीन आणि धायटीची फुले घातलेल्या तांब्याच्या कढईत कापड उकळले, म्हणजे लाल प्रकट होतो. पुढे उमटणाऱ्या रंगाच्या भरवशावर हात चालवावयाचा, आणि ठशाला ठसा बिनचूक जुळवावयाचा! आंच चुकली, पाणी चुकले, तर निसर्गाकडे बोट दाखविण्याची सोय तेथे नाही.

अलिझरीन आज बहुधा कारखान्यातून येते, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. त्याने ह्या छपाईचे मोल आमच्या लेखी उणे होत नाही. कारण ते रंगाच्या सोवळ्यावर नव्हे, हातावर अवलंबून आहे.

कलावंत हा कारागीर नव्हे, त्यास प्रयोगाचे स्वातंत्र्य हवे, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य आहे. विटणे हाच ज्या चित्राचा विषय आहे, त्याने खुशाल विटावे. मात्र तो रंग किती दिवसांत आणि कोठवर विटेल, हे छापणाऱ्याने आधी जाणलेले असावे. एवढे ज्याने जाणले नाही, त्याच्या चित्रास आम्ही प्रयोग म्हणणार नाही.