छायाचित्राखालचं नाव

होमाई व्यारावालांचा उल्लेख आला की ‘भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो. बिरुद खरं आहे, पण त्यात थोडा आळस आहे. त्यांची छायाचित्रं पाहताना मला पडतो तो प्रश्न पोटापाण्याचा: छायाचित्रणावर जगायचं ठरवलं की नजरेचं काय होतं?

तीसच्या दशकात त्यांनी मुंबईत काढलेली छायाचित्रं पाहा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधली त्यांची मैत्रीण रेहाना मोगल त्यांत भेटते. ती सजवून उभी केलेली नटी वाटत नाही. आपल्याच तोऱ्यात असलेली एक तरुणी वाटते. कुणाच्या फर्माईशीवरून असं छायाचित्र निघत नाही. त्या दिवसांत एका छायाचित्राचा एक रुपया मिळे, आणि खाली नाव छापून येई ते पतीचं, माणेकशांचं.

१९४२मध्ये दोघं ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीत दिल्लीला गेले. पगार सुरू झाला, बाहेरची कामं घ्यायची मुभाही मिळाली. आता विषय ठरवत होती निमंत्रणपत्रिका: समारंभ, मेजवान्या, परदेशी पाहुण्यांची स्वागतं. जड कॅमेरा सांभाळत साडीतल्या होमाई तिथं अदबीनं उभ्या असत. मोठ्या माणसांना अवघडलेल्या क्षणी टिपायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे दारं उघडी राहिली, संसार चालला. आणि माझ्या मते त्यामुळेच त्यांच्या दिल्लीतले कितीतरी सत्ताधीश नको तितके नीटनेटके दिसतात. इतिहासाचा दस्तऐवज म्हणून त्या छायाचित्रांचं मोल मोठं आहे. पण त्यांतल्या अनेकांपुढे मी फार वेळ थांबत नाही.

एका छायाचित्रापुढे मात्र थांबतो. पालम विमानतळावर नेहरू उभे आहेत आणि शेजारी फलक आहे: छायाचित्रणास सक्त मनाई. इथं मुंबईची ती खट्याळ मुलगी परत आलेली दिसते, शिरस्ता न मोडता.

पती गेल्यानंतर, १९७०मध्ये, त्यांनी व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांना रीतभात उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. ती मला पटते. पण त्यानंतर २०१२पर्यंतच्या हयातीत त्यांनी कॅमेरा जवळजवळ हातीच धरला नाही, याचा उलगडा तेवढ्यानं होत नाही. बातमी थांबली, तरी रेहानासारखं एखादं छायाचित्र स्वतःसाठी काढायला कुणाची हरकत होती?