चपराक आणि प्रश्न

बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथासंग्रहाची शीर्षककथा दलित साहित्यातील मैलाचा दगड मानली जाते. ख्रिस्ती कुटुंबांनी ती आणखी एका कारणासाठी वाचावी. पोटासाठी जिथे राबायचे तिथेच मानभंग झाला तर माणसाने कसे वागावे, हा प्रश्न तिने ज्या निर्भयतेने मांडला आहे, त्या निर्भयतेने तो आमच्या प्रवचनपीठावरून क्वचितच मांडला जातो.

कथेचा नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो आणि आपली जात लपवतो. त्याच्या बुद्धीचा व कवित्वाचा आदर करणारी माणसेच, जात उघड होताच, त्याला मारहाण करतात. त्याचा सोबती काशिनाथ मात्र अपमान सहन न करता उसळून उठणारा. तू मुकाट मार का खाल्लास, असे तो विचारतो. आपल्याला मारले ते या माणसांनी नव्हे, त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या मनूने, अशा आशयाचे उत्तर नायक देतो.

या उत्तरात मोठेपणा आहे. मारणाराही एका व्यवस्थेचा बंदिवान आहे, हे ओळखणारी दृष्टी क्रुसावरील क्षमेच्या फार जवळ जाते. तरीही समीक्षकाने येथे थांबून विचार केला पाहिजे. सारा दोष मनूच्या माथी गेला, तर ज्याने हात उगारला त्याच्या सदसद्विवेकाला कोण जागे करणार? नायकाची सहनशीलता उदात्त आहे, पण अपराध्याला जाब न विचारता ती निघून जाते. काशिनाथच्या संतापाला न्यायाची चाड आहे. परंतु त्यातून समेटाची वाट दिसत नाही. कथा या दोघांच्या मधोमध संपते. ही उणीव लेखकाची नव्हे; ती समाजाची आहे आणि बागुलांनी ती प्रामाणिकपणे दाखविली आहे.

शुभवर्तमानात तिसरी वाट आहे. दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा आपणां सर्वांना पाठ असते. पण प्रमुख याजकापुढे एका शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा प्रभूने काय केले? मी वावगे बोललो असेन तर ते दाखवून दे, नाहीतर मला का मारलेस, असा सवाल त्याने केला (योहान १८). गाल पुढे करण्याची आज्ञा मुख्यतः अंतःकरणाच्या तयारीविषयी आहे, असे संत ऑगस्टीन याच प्रसंगाच्या आधारे सांगतात. फिलिप्पैमध्ये चौकशीविना फटके खाल्लेल्या संत पौलानेही गुपचूप सुटका नाकारली. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह धरला. यांपैकी कोणीही सूड घेतला नाही, आणि अन्यायावर पांघरूणही घातले नाही.

हा विचार आपल्या पेण-रोह्याकडे पाहताना फार जवळचा वाटतो. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि ती फेडण्यातच हंगाम संपतो. रोह्यानजीक धाटावला रासायनिक कारखाने आहेत. कारखाना कोठलाही असो, कंत्राटावरच्या कामगाराला तोंड उघडले तर उद्या काम मिळेल का, ही धास्ती असते. अशांना केवळ सोसण्याचा उपदेश करणे म्हणजे अर्धे शुभवर्तमान सांगणे होय. अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो देवाच्या कानी पोहोचतो, असे संत याकोब बजावतात. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या रास्त वेतनाचा व संघटनेचा हक्क मान्य केला.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम सांगितला आहे: आधी एकांतात बोलावे, मग साक्षीदार न्यावेत, मग मंडळीपुढे मांडावे. तो बंधुजनांसाठी असला तरी कामाच्या जागीही उपयोगी आहे. त्यापुढे कायदा आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली असून तिची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे तक्रार समिती बंधनकारक आहे. तिथे दाद मागणे म्हणजे क्षमेचा त्याग नव्हे.

आणि बाकावर शेजारी बसलेला मुकादम वा मालक असेल, तर येशूचा तो प्रश्न त्यालाही आहे. बागुलांच्या कथेत तो कोणी विचारला नाही. आपल्या धर्मग्रामात तो विचारणाऱ्याच्या पाठीशी आपण उभे राहणार आहोत काय?