हार घातलेलं पुस्तक

पुस्तकानं आयुष्य बदललं असं सांगणारे लोक मराठीत पुष्कळ आहेत. दिवाळी अंकांतून त्यांचे लेख येतात. रात्रभर जागून कादंबरी वाचली, पहाटे खिडकीशी उभा राहिलो, जग वेगळं दिसलं. बरं झालं. मग दूधवाला आला, ऑफिसची वेळ झाली आणि जग होतं तसं झालं. 1978 साली ‘बलुतं’ आलं तेव्हाही कितीतरी पांढरपेशे वाचक ‘हादरलो’ म्हणाले. हादरायला काय, एस.टी. खड्ड्यातून गेली तरी माणूस हादरतो. उठून दुसऱ्याला जागा देत नाही.

तेव्हा दोस्तहो, हे बदलणं मोजायचं कशानं? रसिकांच्या डोळ्यांतल्या पाण्यानं मोजायची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. माझं माप सरळ आहे. पुस्तक मिटल्यावर वाचणाऱ्यानं घरातल्या, गावातल्या वडीलधाऱ्याला उलटा प्रश्न विचारला का? नसेल विचारला तर ती करमणूक झाली. करमणुकीला माझी ना नाही, पण तिला क्रांती म्हणू नका.

हे माप मला बाबासाहेबांच्याच एका लिखाणात सापडलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी 1956 साली एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ निघाला 1957 साली, बाबासाहेब गेल्यावर, आणि ती प्रस्तावना त्यात आलीच नाही. पुढे वेगळी छापली गेली. तिच्यात ते आपल्या लहानपणची हकिकत सांगतात. समाजातला पहिला पोरगा एवढं शिकला म्हणून लोकांनी सत्कार ठरवला. चरित्रकार 1907 सालच्या मॅट्रिकचा प्रसंग सांगतात, बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीचा म्हणतात. रामजीबाबांनी साफ नाही म्हटलं, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. लोकांनी कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींना मध्ये घातलं, सभा झाली, आणि केळूसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र पोराच्या हातात ठेवलं.

सगळे इथवरच सांगतात. भाषणात सांगतात, शाळेच्या पुस्तकात सांगतात. पुस्तक दिलं, वाचलं, पुढे 1956 साली दीक्षा घेतली. म्हणजे बटण दाबलं आणि दिवा लागला! मधली 49 वर्षं गेली कुठं?

मला त्या सभेच्या पुढची गोष्ट मोठी वाटते. पोरगा पुस्तक वाचतो आणि बापाला विचारतो, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, त्यात ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी, मग हे बुद्धाचं का नाही दिलं वाचायला? बाप म्हणतो, असले खुळे प्रश्न विचारू नको, पोरं आहात, सांगितलं ते करा. पोरगा गप्प बसत नाही, काही दिवसांनी परत विचारतो. आता बापही उत्तर तयार ठेवून आहे. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात कमीपणा बसू नये म्हणून वाचा. द्रोण बघा, कर्ण बघा, लहानाचे किती मोठे झाले. वाल्मीकी तर कोळी होता. पोराला बापाच्या म्हणण्यात तथ्य वाटतं, पण समाधान होत नाही. महाभारतातला एकही पुरुष त्याला पटत नाही. हे सगळं झाल्यावर तो बुद्धाकडे वळला. आपण रिकामं डोकं घेऊन बुद्धाकडे गेलो नाही, असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. तुलना करायला त्यांच्याजवळ दुसरं काही होतं.

म्हणून म्हणतो, केळूसकरांच्या पुस्तकाला श्रेय द्या, पण अर्धंच. अर्धं श्रेय त्या खुळ्या म्हटलेल्या प्रश्नाचं आहे. रामजीबाबांचंही आहे, कारण ते दुसऱ्या वेळेला उत्तर तयार करून बसले.

आता त्याच पोरानं म्हातारपणी, आजारी शरीरानं लिहिलेल्या ग्रंथाकडे येऊ. मी त्याचं मराठी भाषांतर वाचलं. तळवटकर, चिटणीस आणि रेगे यांनी ते केलं. त्यातले म. भि. चिटणीस म्हणजे आपल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य. मी कॉलेजात गेलो नाही. सूतगिरणीत बदलीवर लागलो, तिसरी पाळी सुटल्यावर दिवसा झोप लागायची नाही तेव्हा वाचलं.

जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. राजपुत्रानं म्हातारा बघितला, रोगी बघितला, प्रेत बघितलं आणि तो घर सोडून गेला. बाबासाहेब विचारतात, एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याला हे दिसलंच नव्हतं? कसं पटावं? आणि ते ही कथा काढून टाकतात. त्या जागी काय येतं तर रोहिणी नदीचं पाणी. शाक्य आणि कोलीय एका नदीचं पाणी शेताला घेतात, पहिलं पाणी कुणाचं यावरून मारामारी होते, सेनापती संघात युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो. मतं पडतात. सिद्धार्थ हरतो. मग सैन्यभरतीचा ठराव, त्यालाही त्याचा नकार, आणि मग धमकी : तुझ्या घरावर बहिष्कार घालू, जमिनी काढून घेऊ.

बहिष्कार! हा शब्द त्या पानावर वाचला तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. गाव सोडून शहरात आलेल्या आपल्या कोणत्याही घरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गिरणीच्या गेटवर सभेत ज्यानं एकट्यानं हात वर केला असेल त्यालाही तो सांगावा लागणार नाही. आणि पाण्याचं म्हणाल तर हा मराठवाडा आहे. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर ओंजळ भरून प्यालेल्या माणसानं बुद्धाच्या आयुष्याचं पहिलं वळण पाण्यापाशी आणून ठेवलं, हा मला योगायोग वाटत नाही. म्हातारपण आणि मरण सगळ्यांनाच आहे, त्याला इलाज नाही, असं म्हटलं की दुःख आभाळातून पडल्यासारखं होतं. पाण्याच्या भांडणातलं दुःख माणसानं केलेलं असतं. त्याचा ठराव होतो, त्यावर मतं पडतात. माझ्यापुरतं सांगायचं तर जगण्याचा अर्थ असा पानावर सरकलेला मी दुसऱ्या पुस्तकात बघितला नाही.

बौद्ध पंडितांतल्या काहींनी नाकं मुरडली. हा बुद्धाचा धम्म नव्हे, आंबेडकरांचा, म्हणाले. असू द्या की! ग्रंथाच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत : परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्यं बुद्धाची मूळ शिकवण आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, भिक्खू हा पूर्ण पुरुष की समाजाचा सेवक. आणि वाचकांनी पुढं येऊन उत्तरात भर घालावी अशी आशा धरली आहे. पोथी लिहिणारा असं करत नाही.

आणि आपण काय केलं? आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहाराविहारांत हा ग्रंथ वाचला जातो. चांगली चाल आहे, ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्याही कानावर पडतं. पण कुठंकुठं ग्रंथाला हार, खाली कापड, पुढं मेणबत्ती, वाचणाऱ्याचा सूर कीर्तनकाराचा आणि ऐकणारे हात जोडून. मध्येच कुणी काही विचारलं तर कमिटीवाले डोळे वटारतात. याला वाचन म्हणायचं का पारायण?

मिलिंद हे नाव कुणाचं, ते आठवा. राजा मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा, आणि कॉलेज ज्या नागसेनवनात उभं आहे तो नागसेन म्हणजे उत्तर देणारा. 1950 साली निघालेल्या कॉलेजाला बाबासाहेबांनी नाव दिलं ते विचारणाऱ्याचं. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये वादाला बसायच्या आधी नागसेन अट घालतो : पंडितासारखा वाद करणार असशील तर बोलतो, राजासारखा करणार असशील तर नाही. राजाला विरोध केला की शिक्षा होते. विहार कमिट्यांनी ही अट भिंतीवर लिहून लावावी, रंगाचे पैसे वर्गणीतून काढू.

आमच्या वस्तीत मागच्या वर्षावासात गृहत्यागाचं पान चाललं होतं. जुन्या कथेत सिद्धार्थ बायको झोपली असताना मध्यरात्री निघून जातो. बाबासाहेबांनी ते बदललं. त्यांचा सिद्धार्थ यशोधरेला समोर बसवून सांगतो, आणि ती भावना आवरून म्हणते, तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, राहुल नसता तर मीही आले असते. बाईला झोपेत न टाकता तिचं मत घेतलं, ही बाबासाहेबांची मोठी गोष्ट. तरी मला ते पान घाईचं वाटतं.

पुढं बसलेल्या एका आजीला तेच वाटलं असावं. म्हणाली, “दादा, थांब जरा. पोरगं लहान, नवरा चालला, अन् ती लगीच हो म्हणली? तिचं पुढं काय झालं ते सांग की.” बौद्धाचार्य म्हणाले, “आजी, ग्रंथात आहे तसंच वाचायचं असतं.” पान उलटलं.

आजीचा प्रश्न मी इथं स्टेन्सिलवर कापून ठेवतो आहे. यशोधरेच्या त्या उत्तरावर आपल्या बायांनी लिहावं, पोस्टकार्डावर चार ओळी आल्या तरी पुढच्या अंकात घेऊ.