अब्दुल करीमखाँच्या ध्वनिमुद्रिका आणि श्रोत्यांचे अभिप्राय

एखाद्या कलावंताविषयी समाजात रूढ झालेला अभिप्राय त्याच्या समग्र कलेवर आधारलेला असतो, की त्या कलेच्या हाती उरलेल्या अल्पशा अंशावर, हा प्रश्न संगीतसमीक्षेत फारसा विचारला जात नाही. किराणा घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या बाबतीत तो विचारणे अगत्याचे आहे. खाँसाहेबांचा जन्म उत्तरेतील कैराना येथे झाला असला तरी त्यांच्या उत्तरायुष्याचे ठिकाण मिरज हे होते, आणि तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. मिरज हे गाव १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात आले व १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे सातारा-सांगलीकडील रसिकांच्या बोलण्यात खाँसाहेब हा आजही एक घरगुती विषय आहे.

परंतु या बोलण्यातील ‘खाँसाहेब’ कोणते? खाँसाहेबांस प्रत्यक्ष मैफलीत ऐकलेली पिढी आता उरलेली नाही. उरल्या आहेत त्या ध्वनिमुद्रिका. यांतील काही १९०५ च्या सुमाराच्या, म्हणजे कर्ण्यात तोंड घालून गावे लागत असे त्या काळातील आहेत. अधिक प्रसिद्ध अशा बहुतेक १९३० नंतरच्या, विद्युत्-ध्वनिमुद्रणाच्या आहेत. या जुन्या ‘प्लेटां’तील निवडक चिजा पुढे लाँगप्ले तबकड्यांवर एकत्र झाल्या, आणि ही निवडच श्रोत्यांच्या दृष्टीने खाँसाहेबांचे गाणे होऊन बसली. झिंझोटी व भैरवी यांतील ठुमऱ्या, वसंताची चीज, ‘मानापमान’ (१९११) नाटकातील ‘चंद्रिका ही जणू’ हे पद, एवढ्या सामग्रीवर बहुतेक अभिप्राय उभे आहेत.

हे अभिप्राय ज्या भाषेत दिले जातात ती भाषा तपासून पाहण्यासारखी आहे. त्यांत तीन विशेषणे पुनःपुन्हा येतात: ‘गोड’, ‘आर्त’ आणि, प्रतिकूल श्रोत्यांच्या तोंडी, ‘रडवे’. प्रथमदर्शनी पहिली दोन स्तुतीची व तिसरे निंदेचे वाटते. वस्तुतः तिन्ही विशेषणे एकाच अनुभवाची नावे आहेत. केवळ श्रोत्याची रुची बदलली आहे. अधिक महत्त्वाचा बदल विशेषणांत नसून क्रियापदांत आहे. प्लेट संपताच श्रोता म्हणतो, “खाँसाहेबांनी ही ठुमरी किती गोड गायिली आहे!” येथे विधान एका चिजेपुरते, एका प्रसंगापुरते आहे. थोड्याच वेळाने तोच श्रोता म्हणतो, “खाँसाहेब फार गोड गात.” पूर्ण वर्तमानकाळाची जागा रीतिभूतकाळाने घेतली. रीतिभूतकाळ वापरण्याचा अधिकार ज्याने अनेक प्रसंग पाहिले आहेत त्याचा. प्लेट ऐकणाऱ्याने शंभर प्रसंग ऐकलेले नसतात. एकच प्रसंग शंभर वेळा ऐकलेला असतो. पुनरावृत्तीमुळे त्यास सवयीचा भास होतो, आणि एका सकाळी ध्वनिलेखकाच्या खोलीत झालेली तीन-साडेतीन मिनिटांची गोष्ट एका गायकाचा स्वभाव ठरते.

या भासाचे परिणाम लहान नाहीत. खाँसाहेब हे मूलतः ख्यालगायक होते. स्वराची संथ बढत हा त्यांच्या गायकीचा प्राण होय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिविचारास (१९१०) त्यांच्या गळ्याचे साह्य झाले, यावरून त्यांच्या स्वरज्ञानाची सूक्ष्मता ध्यानात यावी. अशा गायकाची बढत एका बाजूवर मावणे शक्य नव्हते. ठुमरी मात्र मावली. परिणामी माध्यमाची मर्यादा श्रोत्यांनी गायकाच्या पदरी घातली, आणि ‘खाँसाहेब म्हणजे ठुमरीचा गोडवा’ हे समीकरण रूढ झाले. ‘आवाज बारीक’ या आक्षेपाचीही हीच अवस्था आहे. जुन्या प्लेटांची गती सर्वत्र एकसारखी नसे, आणि गती चढली की स्वरही चढतो. श्रोता ज्यास गळ्याचा दोष म्हणतो तो कित्येकदा यंत्राच्या फिरकीचा असू शकतो. ‘शब्द गिळतात’ हा आक्षेप मात्र अधिक विचारणीय आहे. स्वर लांबवताना व्यंजनांची धार बोथट होते हे खरे. परंतु ज्या गायकीत शब्द हे स्वराचे वाहन आहे, तीत हा अपघात नसून निवड आहे, असे मानावयास आधार आहे.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याने १९३६ व १९३७ या दोन वर्षांत अवघी एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली. १९६१ साली त्यांतील निवडक गाण्यांची लाँगप्ले तबकडी निघाली, आणि ज्यांनी त्यास कधीही पाहिले नव्हते अशा इंग्लंडमधील तरुण वादकांनी तीवरूनच त्याची शैली ठरविली. तेथेही संग्रह हाच कलावंत झाला.

मग प्लेट ऐकणाऱ्याचा अभिप्राय त्याज्य मानावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मैफलीचा श्रोता “त्या रात्री” असे म्हणतो; त्याच्याजवळ प्रसंग आहे, पण पडताळा नाही. प्लेटच्या श्रोत्याजवळ पडताळा आहे. एकच मींड तो दहादा ऐकू शकतो, गंधाराचा लगाव कोठे सुरू होतो हे दाखवू शकतो. भीमसेन जोशी यांनी बालपणी झिंझोटीतील त्याच ठुमरीची प्लेट ऐकली आणि असे गाणे आपल्यास आले पाहिजे या ध्यासाने घर सोडले, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्या बालकाने ‘खाँसाहेब कसे गात’ असा निर्णय दिला नाही. एक विशिष्ट गाणे ऐकले आणि ते शोधीत तो निघाला. पुढे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी त्यास प्लेटवर न मावलेले गाणे मिळाले. ध्वनिमुद्रिकेचा यापेक्षा योग्य उपयोग सांगता येणार नाही.

सारांश, खाँसाहेबांविषयीच्या लोकाभिप्रायात खोटेपणा नाही. त्यात काळाची चूक आहे. अभ्यासकाने अभिप्राय नोंदताना विशेषणाबरोबर क्रियापदही नोंदवावे, आणि ‘गायिले आहे’ व ‘गात’ यांतील अंतर जपावे. ज्या चिजा उरल्या त्यांचे मोल त्यामुळे उणे होत नाही. ज्या उरल्या नाहीत त्यांची जागा मात्र रिकामी आहे, हे त्यामुळे लक्षात राहते.