‘जिणं आमुचं’मधला न लिहिलेला भाग

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या ‘कॅन द सबाल्टर्न स्पीक?’ (१९८८) या निबंधाचं शीर्षक सगळ्यांना पाठ असतं, शेवट फार कमी जणांना. तिथे भुवनेश्वरी भादुरी येते. १९२६ साली कलकत्त्यात या तरुण मुलीने गळफास घेतला. क्रांतिकारी गटाने सोपवलेली राजकीय हत्या तिच्या हातून होईना. दिवस गेले म्हणून जीव दिला असं कुणी म्हणू नये, यासाठी ती पाळी येईपर्यंत थांबली, असं स्पिवाक वाचतात. तरीही घरच्यांनी प्रेमप्रकरणच धरलं. ती बोलली होती, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मराठी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना हीच चौकट लावली की अडचण येते. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं, मग पुस्तकरूपात. महारवाड्यातली बाळंतपणं, उपासमार, सुनांच्या पायातला खोडा, आंबेडकरांमुळे बदललेली माणसं. त्या कुणाचीही भीडभाड ठेवत नाहीत. दिसत नाही तो फक्त त्यांचा स्वतःचा संसार. माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत मात्र नवऱ्याचा संशय, मारहाण आणि वर्षानुवर्षं लपवून केलेलं लेखन, हे सगळं येतं. पुस्तकात हे का नाही, यावर त्यांचं उत्तर साधं आहे: त्यांना समाजाचं दुःख लिहायचं होतं.

सॉफ्टवेअरच्या कामात लॉगमध्ये नोंद नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं आम्ही धरत नाही. कशाची नोंद ठेवायची हे कुणी ठरवलं, ते आधी बघतो. इथे ते लेखिकेने ठरवलं. त्यामुळे या मौनाला नुसती दडपशाहीची खूण म्हणणं मला पटत नाही. शीर्षकातल्या ‘आमुचं’मध्ये तो निर्णय स्पष्ट आहे.

पण निर्णयाचा मान राखायचा म्हणून विचारायचंच नाही, हेही सोयीचं झालं. सुनांचा छळ इतक्या धीटपणे लिहिणाऱ्या बाईला स्वतःचा मार बाजूला ठेवावा लागला, ही त्या ‘आमुचं’ची किंमत होती. पंडितांनी विचारलं म्हणून ती कळली. ‘जिणं आमुचं’बरोबर ती मुलाखत वाचायलाच हवी. मात्र खरी बेबीताई तिथेच भेटते, असं म्हणून पुस्तक मागे सारलं, तर आपणही भुवनेश्वरीच्या घरच्यांसारखेच वागू.