मास्तरांच्या कपाटात काय होतं?

'गूढ मास्तर' हा विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना दोन फोन आले म्हणे, हे व्याख्यान नेमकं कोणत्या मास्तरांविरुद्ध आहे म्हणून. (हशा) कोणाच्याच नाही. आधी एक कपाट सांगतो.

आमची शाळा पेठेतली. चित्रकलेच्या सरांचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्याला दोन कुलपं. आत काय असेल यावर चौथीपासून सातवीपर्यंत आमचं एकमत झालं नाही. एक गट म्हणायचा, सांगाडा. दुसरा म्हणायचा, सर रात्री शाळेतच राहतात, आत त्यांची गादी आहे. मधल्या सुट्टीत रोज ही गोष्ट थोडी पुढे सरकायची. पाळत ठेवून झाली, नकाशा काढून झाला, एकानं तर छत्रीची काडी कुलपात घालून पाहिली. ती आतच मोडली. तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्याही शाळेत असं एखादं कपाट होतं.

तर ही जी गोष्ट आहे, विनोदी, साहसाची, मुलं शोधाला निघालेली आणि संशय थेट शिक्षकांवर, ती मराठी मुलं कायम एकमेकांना सांगत आलीत. छापील मराठीत मात्र ती मला फार कमी भेटली. असं का, एवढंच आज बघायचं आहे.

आपल्याकडे साहसकथा नाहीत असं नाही. फास्टर फेणे तर आपल्या पुण्याचा. फुरसुंगीचा बनेश फेणे, विद्याभवन शाळेचा विद्यार्थी, किडकिडीत, तोंडानं 'ट्टॉक' करणारा. भा. रा. भागवतांनी एका शाळकरी पोराला नायक केलं आणि त्याच्या अकलेवर पूर्ण विश्वास टाकला. मी त्याच पुस्तकांवर वाढलो. पण त्या पुस्तकांची नावं आठवून बघा: 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ', 'काश्मिरी करामत', 'चक्रीवादळात', 'विमानचोर विरुद्ध'. गूढ आहे ते गुलमर्गला! शाळा म्हणजे स्वारगेट स्टँड, तिथून गाडी सुटते. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि व्हर्नकडे साहस म्हणजे प्रवास. तोच वारा फेणेला लागला असावा असं मला वाटतं. त्यामुळे चोर सापडतो तो शाळेच्या फाटकाबाहेर. शिक्षकांच्या खोलीकडे फेणेची सायकल सहसा वळत नाही.

मग आपल्या साहित्यात मास्तर आहेत कुठे? भरपूर आहेत, पण मोठ्यांच्या साहित्यात. पु. लं.चे चितळे मास्तर घ्या, द. मा. मिरासदारांच्या गावाकडच्या शाळा घ्या. मिरासदार तर स्वतः शिकवणारे. हे लेखन मुलांनीही डोक्यावर घेतलं, पण त्यातली नजर मोठ्या माणसाची आहे. चितळे मास्तरांचा शेवट आठवा, झिजलेल्या टाचांच्या वहाणा. मला तिथे आजही भरून येतं. पण आठवीतल्या मुलाला मास्तरांच्या टाचा दिसत नाहीत हो, त्याला हातातली छडी दिसते. टाचा दिसायच्या तर आधी आपली शाळा सुटून वीस वर्षं व्हावी लागतात.

सत्यजित राय यांनी 1962 साली 'बंकूबाबूर बंधू' लिहिली. बंकूबाबू खेड्यातल्या शाळेत भूगोल आणि बांगला शिकवतात. मुलं खोड्या काढतात, गावातली मोठी माणसं त्याहून वाईट टिंगल करतात, आणि या माणसाला एका रात्री बांबूच्या बनात परग्रहावरून आलेला पाहुणा भेटतो. मास्तरांकडे गुपित असू शकतं, हे बंगालीतल्या मुलांना एवढ्या लवकर मिळालं. अर्थात तिथेही गुपित वाचकाला कळतं, वर्गातल्या मुलांना नाही.

पूर्ण मुलांच्या बाजूनं बघायचं तर इंग्रजीकडे जावं लागतं. जिलियन क्रॉस यांचं 1982 मधलं 'द डीमन हेडमास्टर'. दायना नावाची मुलगी नव्या शाळेत येते. मुख्याध्यापक कसे आहेत असं कोणालाही विचारा, प्रत्येक मूल एकच स्तुतीचं वाक्य म्हणतं, शब्दन् शब्द तेच. कारण मुख्याध्यापकांनी सगळ्यांना संमोहित केलेलं आहे. हे वाचताना मला भीती वाटायला हवी होती. मला आठवला 5 सप्टेंबर! (हशा) 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध. शिस्तप्रिय पण प्रेमळ. बाहेरून फणसासारखे काटेरी, आतून गोड. आपण सगळ्यांनी तेच फणस लिहिले. क्रॉसबाईंना संमोहन लागलं, आपल्याकडे दहा गुणांत काम झालं.

हा विनोद आहे, पण फक्त विनोद नाही. रोआल्ड डाल यांच्या 'मटिल्डा'मध्ये, 1988 चं पुस्तक, मुख्याध्यापिका ट्रंचबुल एका मुलीला वेण्यांना धरून गरगर फिरवते आणि कुंपणापलीकडे भिरकावते. वाचणारं पोर खदखदून हसतं. मग मटिल्डाच्या लक्षात येतं, की बाई इतकं भलतंच करतात म्हणूनच सुटतात. घरी सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? इथे हसू गळ्यात अडकतं. मूल खरं सांगतंय आणि मोठे ऐकत नाहीत, ही गोष्ट जगातल्या कुठल्याही शाळेत घडते. 'सर असं कसं करतील, तूच काहीतरी केलं असशील' हे वाक्य मराठी घरांत नवीन आहे का? शिक्षकावर शंका घेता येते, ती बोलून दाखवता येते, आणि त्यासाठी उद्धट असावं लागत नाही, हे मुलाला कळायचं कुठून? भाषणातून नाही कळत. गोष्टीतून कळतं, तेही हसत असताना.

आपल्याकडे एक अडचण रचनेतही आहे. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, ते बालभारतीचं. मी त्याचा चाहता आहे, त्या अंकांनी खेड्यापाड्यांत वाचक घडवले. पण जी संस्था पाठ्यपुस्तक छापते तिचंच मासिक, आणि ते पोचतं बरंचसं शाळेतून, शिक्षकांच्या हातून. राक्षस मुख्याध्यापकाची गोष्ट तिथे पाठवताना लेखकच आधी दहा वेळा विचार करणार.

बदल झाला तो वेगळ्याच दारानं. 2017 च्या 'फास्टर फेणे' चित्रपटात गुन्हा अखेर शिक्षणाच्या आत आला: वैद्यकीय प्रवेश परीक्षा, एका विद्यार्थ्याचा मृत्यू, त्यामागचा पेपरांचा धंदा. चित्रपट मला आवडला. पण तोवर फेणे मोठा झाला होता, अमेय वाघ झाला होता. (हशा) फाटकाच्या आत संशयानं बघायची मुभा त्याला मिळाली, ती शाळा सोडल्यावर.

वेळ होत आलीय. एक प्रश्न घेतो. हां, मागच्या ताई.

(श्रोत्यांतून: मी प्राथमिक शिक्षिका आहे. आधीच सगळे आम्हाला बोलतात, आता गोष्टीतही आम्हीच खलनायक का?)

रास्त आहे. पण मी गूढ म्हणालो, दुष्ट नाही म्हणालो. 'मटिल्डा'त दोन शिक्षिका आहेत. मिस हनी किती प्रेमळ, आणि खरं रहस्य तिचंच आहे: ती अशा दरिद्री झोपडीत का राहते? ते शोधताना त्या मुलीला पहिल्यांदा कळतं, की आपल्या बाईंनाही घर आहे, भूक आहे, भीती आहे. फणसाच्या निबंधात ते कळत नाही. तुमच्या वर्गात तुमच्याबद्दल काही अफवा आहे का?

(श्रोत्यांतून: आहे. माझ्या पर्समध्ये साप आहे म्हणतात.)

(मोठा हशा) मग उद्या जाऊन त्यांना तीच गोष्ट लिहायला सांगा. फक्त तिला गुण देऊ नका.